फर्स्ट इयरचं मार्केटिंग: वर्गात काय मिळतं आणि बाजारातून काय आणायचं

बीकॉम, बीबीए किंवा बीएमएसला नुकताच प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना मार्केटिंग म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक जाहिरात आणि दुसरा गोड बोलून माल खपवणारा सेल्समन. पालकांचंही मत फार वेगळं नसतं. ‘आमची मुलगी बोलकी आहे, तिला मार्केटिंग जमेल,’ असं ते प्रवेशाच्या वेळी सांगतात. मी हा विषय पहिल्या वर्षाला शिकवते. ज्यांना तो मनापासून जमला, त्यांच्यात अबोल मुलं पुष्कळ होती. ती नीट बघायची, विचारायची आणि लिहून ठेवायची.

जाहिरात हा या अभ्यासक्रमातला एक भाग आहे, आणि तो बराच उशिरा येतो. त्याआधी गिऱ्हाईक कोण, त्याला नेमकं काय हवंय, ते त्याला कितीत परवडेल आणि त्याच्या हातात पडेपर्यंत माल किती जणांच्या हातून जाईल, हे शिकायचं असतं. लहान गावातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटतं की आपण इथे मागे पडू. मला उलट वाटतं. आठवडी बाजार, घरच्या शेतमालाची पट्टी, उधारीची वही हे ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांच्याकडे पुस्तकातल्या निम्म्या प्रकरणांची उदाहरणं आधीच आहेत. ती कशी वापरायची, ते इथे क्रमाने सांगते.

वर्ग सुरू होण्याआधी

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या वर्षाचा, आपल्या अभ्यासक्रमाचा सिलॅबस उतरवून घ्या. सीनियरकडून मिळालेला नको, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर बहुतेक ठिकाणी विषयांची रचना बदलली आहे. त्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, विषय किती क्रेडिटचा आहे. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं वर्गातलं शिक्षण, म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर ३० तासांत उरकणार आणि चार क्रेडिटचा ६० तासांत. दोन क्रेडिटचा असेल तर शिक्षकांना उदाहरणांसाठी फारसा वेळ मिळणार नाही, ते काम तुमच्यावर येणार. दुसरी गोष्ट, अंतर्गत गुण किती आणि लेखी परीक्षेचे किती. अंतर्गत गुणांत प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन, वर्गचाचणी असं काय काय धरलंय, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. तिसरी, प्रत्येक युनिटला किती वजन दिलंय.

पुस्तकाचं म्हणाल तर फिलिप कोटलर हे नाव पहिल्याच तासाला कानावर पडेल. त्यांचं ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ १९६७ साली पहिल्यांदा आलं आणि आजही जगभर शिकवलं जातं. पण ते एमबीएच्या तोलाचं आहे. पहिल्या वर्षाला त्यांचंच, गॅरी आर्मस्ट्राँग यांच्यासोबतचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग’ पुरेसं आहे. विकत घेऊ नका, महाग आहे. कॉलेजच्या लायब्ररीतून आणा आणि एकेक प्रकरण वाचा. परीक्षेपुरतं स्थानिक प्रकाशनाचं पुस्तक चालेल, पण फक्त त्यावर राहिलात तर विषय कोरडा वाटेल, आणि तो तसा मुळीच नाही.

पहिले तीन आठवडे

हा काळ कंटाळवाणा जातो, हे आधीच सांगून ठेवते. गरज, इच्छा आणि मागणी यांतला फरक. मग उत्पादन संकल्पना, विक्री संकल्पना, विपणन संकल्पना, समाजाभिमुख विपणन अशी लांब रांग. मुलं व्याख्या उतरवून घेतात आणि मान डोलावतात.

इथे एक सवय लावून घ्या. वहीच्या डाव्या पानावर व्याख्या, उजव्या पानावर आपल्या गावातलं किंवा गल्लीतलं उदाहरण. उदाहरण सुचलं नाही तर ती व्याख्या अजून कळलेली नाही. तहान लागली ही गरज. थंड उसाचा रस प्यावासा वाटणं ही इच्छा. खिशात पैसे आहेत आणि ते द्यायची तयारी आहे, म्हणजे झाली मागणी. हे सोपं आहे. पण आता असं बघा: पाण्याच्या टाकीची इच्छा असलेली वाडीतली शंभर घरं आणि ती विकत घेऊ शकणारी दहा घरं, यांत कंपनी कुणाला मोजेल? आणि उरलेल्या नव्वद घरांसाठी हप्ते, लहान टाकी किंवा सरकारी अनुदान यांतलं काय चालेल? इथून मार्केटिंग सुरू होतं.

याच टप्प्यावर मार्केटिंगचे अभ्यासक थिओडोर लेव्हिट यांच्या ‘मार्केटिंग मायोपिया’ या लेखाचा उल्लेख येईल. १९६० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये त्यांनी मांडलं की अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या मागे पडल्या, कारण त्यांनी स्वतःला रेल्वेच्या धंद्यातलं समजलं, वाहतुकीच्या धंद्यातलं नाही. माणसांना प्रवास करायचाच होता, ते मोटारींकडे आणि विमानांकडे वळले. हा लेख मूळ इंग्रजीतून वाचायचा प्रयत्न करा. भाषा जड नाही, आणि पुढच्या तीन वर्षांत हा एकच लेख तुम्हाला वारंवार उपयोगी पडेल.

गिऱ्हाईक ओळखणं

यानंतर येतं एसटीपी: सेग्मेंटेशन, टार्गेटिंग, पोझिशनिंग. बाजाराचे गट पाडायचे, त्यांतला एक निवडायचा आणि त्याच्या मनात आपल्या मालाची जागा ठरवायची. अभ्यासक्रमाचा कणा हाच आहे. बाकी सगळं याच्यावर उभं राहतं, म्हणून इथे घाई करू नका.

दोन भारतीय उदाहरणं नीट समजून घेतलीत तरी हे प्रकरण पक्कं होईल. पहिलं निरमाचं. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरी धुण्याची पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. त्या वेळी सर्फ होतं, पण ते ज्यांना परवडत होतं त्यांच्यासाठीच. बाकीची घरं साबणाच्या वडीवर भागवत होती. निरमाची किंमत सर्फच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी. म्हणजे पटेल यांनी सर्फचं गिऱ्हाईक ओढायच्या आधी, ज्यांना पावडर परवडतच नव्हती अशा घरांचा गट शोधला. पुढे सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरला त्याच गटासाठी ‘व्हील’ हा वेगळा ब्रँड काढावा लागला. सर्फची किंमत उतरवली नाही, हे लक्षात घ्या. का नाही उतरवली, यावर वर्गात चर्चा घडवून आणा.

दुसरं टाटा नॅनोचं. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ही गाडी दाखवली गेली. स्कूटरवर नवराबायको आणि दोन मुलं पावसात चाललेली पाहून सुरक्षित पर्याय द्यावा, हा त्यामागचा विचार. किंमत एक लाखाच्या आसपास. गाडीची जगभर चर्चा झाली, तरी खप अपेक्षेच्या जवळपासही गेला नाही, आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबलं. कारणं अनेक सांगितली जातात, पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला कारखाना हलवण्यात गेलेला वेळही त्यात येतो. पण ‘सर्वांत स्वस्त गाडी’ असा शिक्का बसला हे दुर्दैवी होतं, असं खुद्द रतन टाटांनी नंतर बोलून दाखवलं. आपल्याकडे दारात गाडी उभी करणं ही चार लोकांना दिसणारी गोष्ट असते. ‘मला दुसरी परवडत नाही’ असं सांगणारी गाडी कोण दारात लावेल? गट बरोबर निवडला होता, पण त्याच्या मनातली जागा चुकली. टार्गेटिंग आणि पोझिशनिंग वेगळे का शिकवतात, ते इथे कळतं.

ग्राहक वर्तनाचं प्रकरण याला लागूनच येतं. त्यात खरेदीतल्या भूमिका सांगतात: सुचवणारा, प्रभाव टाकणारा, ठरवणारा, पैसे देणारा, वापरणारा. पुस्तकात बहुधा कुटुंबाच्या मोटारीचं उदाहरण असतं. शेतकरी घरातल्या मुलांनी बियाण्याचं घ्यावं. कपाशीचं किंवा सोयाबीनचं कोणतं वाण घ्यायचं हे शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या पिकावरून ठरतं, कृषी सेवा केंद्राच्या मालकाच्या शब्दावर ठरतं, आणि पुष्कळदा तो उधारी देतो का यावरही ठरतं. टीव्हीवरच्या जाहिरातीचा वाटा त्यात किती, हे घरी विचारून बघा.

खरेदीची वेळ हाही याच प्रकरणाचा भाग आहे, आणि तो मराठी बाजारात फार ठळक दिसतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा या साडेतीन मुहूर्तांना सोनं, दुचाकी, फ्लॅटचं बुकिंग यांची गर्दी होते. दसऱ्याआधीच्या पितृपक्षात मोठी खरेदी लोक टाळतात. वर्तमानपत्रांतल्या पानभर जाहिराती कोणत्या आठवड्यात वाढतात आणि कोणत्या आठवड्यात आटतात, ते सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत टिपून ठेवा. अंतर्गत प्रकल्पासाठी एवढा विषयही पुरेल.

चार पी

१९६० साली जेरोम मॅकार्थी यांनी प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन अशी मांडणी केली. सेवांसाठी १९८१ मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी त्यात आणखी तीन पी जोडले: पीपल, प्रोसेस आणि फिजिकल एव्हिडन्स, म्हणजे सेवा देणारी माणसं, ती द्यायची पद्धत आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा. बँक, दवाखाना, लॉज, कोचिंग क्लास यांवर प्रश्न आला तर सात लिहायचे, साबण-बिस्किटांवर आला तर चार पुरतात.

प्रॉडक्टच्या प्रकरणात उत्पादनाचं जीवनचक्र, ब्रँडिंग, पॅकेजिंग असतं. हे वाचून समजण्यासारखं आहे. ब्रँडिंगसाठी हापूसचं उदाहरण हाताशी ठेवा. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाहेरचा आंबा त्याच नावाने पेट्यांत भरून विकला जातो. नावाची किंमत काय असते आणि ती राखणं किती अवघड, हे त्यातून दिसतं.

प्राइसपाशी मात्र थांबायला हवं. मार्केटिंगला गणित नसतं या समजुतीने आलेल्या मुलांची इथे तारांबळ उडते. गणित सातवीच्या वरचं नाही, पण ते टाळता येत नाही. एक काल्पनिक हिशेब करू, कर बाजूला ठेवून.

बचत गटाने चकलीचं पाकीट काढलं, छापील किंमत १०० रुपये. दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के मार्जिन हवं, म्हणजे तो ८० रुपयांना घेणार. वितरकाला त्या ८० वर १० टक्के, म्हणजे गटाच्या हाती ७२ रुपये येणार. पीठ, तेल, मजुरी, पाकीट मिळून खर्च ६० रुपये. एका पाकिटामागे उरले १२. जागेचं भाडं, वीज, एका माणसाचा पगार असा महिन्याचा ठरलेला खर्च २४,००० रुपये. मग खर्च भरून निघायला महिन्याला २,००० पाकिटं खपायला हवीत. याला समविच्छेद बिंदू म्हणतात, वर्गात ब्रेक इव्हन म्हणतील.

आता कुणी सुचवतं, ‘दिवाळी आहे, पाकिटामागे १० रुपये सूट देऊ.’ सूट गटाने सोसायची ठरली तर १२ चे उरले २, आणि तेवढाच खर्च भरून काढायला १२,००० पाकिटं विकावी लागतील. सहापट! याउलट छापील किंमत ११० केली तर त्याच मार्जिनने दुकानदार ८८ देणार, गटाला ७९ रुपये २० पैसे मिळणार, पाकिटामागे उरणार १९ रुपये २० पैसे, आणि १,२५० पाकिटांतच खर्च निघेल. अर्थात ११० ला गिऱ्हाईक टिकेल का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर गणितात नाही. ते गिऱ्हाइकाकडे जाऊन शोधावं लागतं. हा हिशेब स्वतः कागदावर दोनदा करा, आकडे बदलून पुन्हा करा. सूट देणं म्हणजे मार्केटिंग, हा गैरसमज यानंतर उरत नाही.

याच हिशेबात मार्जिन आणि मार्कअप यांतला फरकही आहे. ८० ला घेऊन १०० ला विकलं तर विक्री किमतीवर २० टक्के सुटले, पण खरेदी किमतीवर २५ टक्के. दुकानदार कोणत्या आकड्याने बोलतोय, ते आधी विचारायचं.

किमतीचा दुसरा मार्ग म्हणजे किंमत तीच ठेवून वजन कमी करणं. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांनाच मिळतो, पण हातात घेतला की हलका लागतो. पाकिटावरचं निव्वळ वजन वाचायची सवय लावा. शाम्पूच्या पुडीची गोष्टही याच प्रकरणातली. तमिळनाडूतल्या कडलूरहून १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘चिक’ने पुडीच्या जोरावर गावोगाव शाम्पू नेला. ज्यांच्या हातात रोजची मजुरी येते, त्यांना महिन्याची बाटली परवडत नाही, एका नहाण्यापुरता शाम्पू परवडतो.

प्लेस: दुकानाच्या मागची साखळी

मला विचाराल तर चारांतला हा सर्वांत दुर्लक्षित पी, आणि शिकायला सर्वांत रंजक. पुस्तकात उत्पादक, घाऊक व्यापारी, किरकोळ व्यापारी, ग्राहक अशी बाणांची आकृती असते. ती पाठ करून भागत नाही. ओळखीच्या किराणा दुकानात, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जा. काकांना आधी सांगा की कॉलेजचा अभ्यास आहे, त्यांच्या सोयीने वेळ घ्या, आणि तासभर बसा.

काय बघायचं? कंपनीचा सेल्समन ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गल्ल्यांत फिरतो, त्याला बीट म्हणतात. तो मोबाइलवर ऑर्डर घेतो, माल नंतर वितरकाच्या टेम्पोतून येतो. दुकानदार पहिला प्रश्न करतो तो ‘स्कीम काय आहे?’ बारा नगांवर एक फुकट, की रोख सूट? दुसरा प्रश्न, एक्स्पायरी झालेला माल परत घेणार का? तिसरा, पैसे केव्हा द्यायचे? कोणता माल नजरेच्या उंचीवर आहे आणि कोणता खाली पोत्यांमागे? कोणत्या बरण्या काउंटरवर आहेत? सुट्टे नसले की कोणती गोळी हातात पडते? गिऱ्हाईक ‘साबण द्या’ म्हणालं आणि नाव घेतलं नाही, तर दुकानदार कोणता साबण काढतो आणि का?

मग मोठ्या स्वयंसेवा दुकानात जा. तिथे कुणी माल काढून देत नाही, त्यामुळे पाकिटाला स्वतःच बोलावं लागतं. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत उघडलं. तिथे छापील किमतीपेक्षा कमी दर कसा परवडतो, यावर वर्गात नक्की प्रश्न येईल. माल पटकन फिरणं, पुरवठादाराचे पैसे वेळेत चुकते करणं, बऱ्याच जागा भाड्याने न घेता स्वतःच्या मालकीच्या असणं, ही उत्तरं साखळी पाहिलेल्यालाच समजून लिहिता येतात.

प्रमोशन आणि कायदा

जाहिरात, विक्री प्रोत्साहन, जनसंपर्क, वैयक्तिक विक्री, थेट विपणन. बहुतेकांना हेच शिकायचं असतं, त्यामुळे लक्ष आपोआप लागतं. मी इथे एकाच गोष्टीचा आग्रह धरेन: जाहिरात पाहिली की ती कुणाला उद्देशून आहे आणि बघणाऱ्याने पुढे काय करावं अशी अपेक्षा आहे, हे दोन ओळींत लिहा. आवडली की नाही, हे परीक्षक विचारत नाही.

कायद्याचा भाग मुलं सोडून देतात. सोडू नका, गुणांसाठीही आणि माणूस म्हणूनही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही १० लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था आहे. इन्स्टाग्रामवर पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांनी ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं, हे तिचं मार्गदर्शन २०२१ चं. ऑनलाइन खरेदीत ‘फक्त दोनच उरले’ असं खोटं दाखवणं, नकळत टोपलीत वस्तू टाकणं अशा १३ युक्त्यांवर सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदीची नियमावली काढली. कोणता डाव कायद्याने चुकीचा आहे, हे पहिल्याच वर्षी माहीत असलेला विद्यार्थी पुढे नोकरीत दबावाखाली असला काही करताना निदान थबकेल, अशी माझी खरी आशा आहे.

प्रोजेक्ट करताना

कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात. घेऊ नका. तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं, आणि वर्षभरात स्वतः काही शोधायची जी एक संधी असते ती हातची जाते.

विषय लहान ठेवा. ‘भारतातील मोबाइल बाजारपेठ’ नको. ‘आमच्या गावातल्या पाण्याच्या जारचा धंदा’, ‘उपवासाच्या तयार पदार्थांना आषाढी एकादशीच्या आठवड्यात किती मागणी येते’, ‘वसतिगृहातल्या मुलांचे मेसचे पर्याय’ असे चालतील. एका माणसाला पायी फिरून माहिती गोळा करता यायला हवी.

प्रश्नावली बनवताना मुलं हमखास विचारतात, ‘शुद्ध आणि घरगुती चकली वाजवी दरात मिळाली तर तुम्ही घ्याल का?’ याला नाही कोण म्हणेल? असं उत्तर काही कामाचं नाही. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा. गेल्या महिन्यात चकली कुठून आणली? किती? कितीला? कुणी सांगितलं म्हणून? आधी कुठून आणत होता आणि ते का सोडलं? लोकांना आपण पुढे काय करू हे नीट सांगता येत नाही, काय केलं ते बऱ्यापैकी सांगता येतं.

गूगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून पन्नास उत्तरं मिळवणं सोपं आहे. पण ती पन्नास माणसं एकाच वयाची, एकाच कॉलेजातली असतात. तसं केलं असेल तर अहवालात स्पष्ट लिहा की हा सोयीचा नमुना आहे आणि निष्कर्ष तेवढ्यापुरतेच आहेत. गुण कमी होत नाहीत, वाढतात. शक्य असेल तर पंधरा-वीस लोकांशी समोरासमोर बोला. काकूंशी मराठीत, कोळीणमावशींशी त्यांच्या बोलीत. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, नाव मात्र छापू नका. मग अहवाल इंग्रजीत लिहायचा असला तरी त्या शब्दांमुळे त्यात जीव येतो.

प्रेझेंटेशन आणि भाषा

बीकॉमला अनेक ठिकाणी मराठीत पेपर लिहिता येतो. बीबीए-बीएमएसचं माध्यम इंग्रजी. प्रेझेंटेशनची धास्ती घेतलेल्यांनी स्लाइडवर कमी मजकूर आणि जास्त फोटो, आकडे ठेवावेत. स्वतः काढलेला दुकानाच्या फळीचा फोटो दाखवून चार साधी इंग्रजी वाक्यं बोललात, तर ती नेटवरून उचललेल्या दहा स्लाइडपेक्षा सरस ठरतात. पारिभाषिक शब्द इंग्रजीतच पाठ करा आणि अर्थ मराठीत समजून घ्या. गटात काम वाटताना मराठी माध्यमाच्या मुलीला टायपिंग आणि फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याला सादरीकरण, असं दर वर्षी होतं. तसं होऊ देऊ नका. एक स्लाइड तरी मागून घ्या.

लेखी परीक्षा

व्याख्या एक-दोन वाक्यांत, मग मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक खरं उदाहरण. वहीची उजवी पानं इथे कामाला येतात. परीक्षक एका दिवसात कितीतरी पेपर तपासतात आणि बहुतेकांत तीच दोन-तीन बड्या कंपन्यांची नावं असतात. तालुक्याच्या गावातल्या दूध डेअरीचं नेमकं उदाहरण दिसलं की ते थांबून वाचतात. केस स्टडीचा प्रश्न असेल तर आधी खालचे प्रश्न वाचा, मग केस. उत्तरात केसमधले आकडे आणि नावं यायलाच हवीत. केस न वाचताही लिहिता येईल असं उत्तर फार गुण मिळवत नाही.

या पेपरातून काय मिळणार नाही

इन्स्टाग्रामवर जाहिराती कशा लावायच्या, सर्च इंजिनवर वर कसं यायचं, हे पहिल्या पेपरात फार तर एका युनिटात, तोंडओळखीपुरतं येतं. त्यासाठी पुढच्या सत्रांत वेगळे विषय असतात आणि मोठ्या कंपन्यांचे मोफत ऑनलाइन कोर्सही आहेत. त्यांची साधनं दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून ती शेवटच्या वर्षाच्या आसपास शिकलेली बरी. हजारो रुपये भरून ‘डिजिटल मार्केटिंग’चा क्लास पहिल्याच वर्षी लावायची गरज नाही.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिपच्या नावाखाली फिरतीची कामं चालून येतील. फिरतीचं काम वाईट नाही, बीटवर एक महिना फिरलेल्याला प्लेसचं प्रकरण पुन्हा वाचावं लागत नाही. पण हो म्हणण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: मानधन किती आणि केव्हा, प्रवासखर्च कोण देणार, टार्गेट पूर्ण झालं नाही तर मानधन कापणार का, आणि शेवटी प्रमाणपत्र कुणाच्या सहीने मिळणार. कुणी आधी डिपॉझिट भरा म्हणालं, किंवा नातेवाईकांना माल विकायला लावलं, किंवा आणखी दोन मुलं आणली तर कमिशन देतो म्हणालं, तर सरळ नाही सांगा आणि कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला कळवा, म्हणजे त्याच कामावर तुमच्या वर्गातलं दुसरं कुणी जाणार नाही.